खिंड बंद होण्याआधी



मी चंदीगडच्या सेक्टर 43 मधून, माझ्या घरातूनच बोलतोय. आमच्या या सेक्टरमध्ये आंतरराज्य बस स्थानक आहे आणि जिल्हा न्यायालयही आहे. त्यामुळे दिवसभर गलबला असतो, हॉर्न असतात. मध्ये आवाज आला तर सांभाळून घ्या. पहाट मात्र शांत असते. हिवाळ्यात त्या शांततेत मालवाहू विमानांचा आवाज येतो. चंदीगडच्या हवाई तळावरून लडाखला रसद जाते. मी चहा घेत गॅलरीत उभा असतो आणि आमची सौ. म्हणते, "गेली तुमची विमानं."

निवृत्त होऊन दहा वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ती विमानं अजून 'माझी' आहेत. याला कारण आहे, आणि आजच्या भाषणाची सुरुवात मी तिथूनच करणार आहे.

मी बी.एस्सी. होऊन सैन्यात गेलो. आमची शाखा आर्मी सर्व्हिस कोअर. बंदूक चालवणाऱ्याला धान्य, रॉकेल, पेट्रोल पोचवायचं आणि त्यासाठी ट्रक धावते ठेवायचे, हे आमचं काम. आज विषय दिलाय वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीचा. जगात कुठेतरी काही घडतं आणि आपल्या चाकणची, गुरगावची लाइन थांबते, ती थांबू नये म्हणून काय करावं, असा प्रश्न आहे. मी कारखानदार नाही. पण 'सप्लाय चेन' हा शब्द नवा असला तरी आपल्याकडे 'रसद' हा शब्द जुना आहे. मराठी माणसाला तर तो पानिपतावर चांगलाच समजला. ते पानिपत इथून दिल्लीच्या रस्त्यावर तीन-चार तासांवर आहे. जानेवारी 1761 मध्ये आपली फौज लढाईला बाहेर पडली तेव्हा ती आधीच उपाशी होती. तलवारी होत्या, तोफा होत्या, धान्य येण्याचे रस्ते मात्र तुटले होते.

आता माझी गोष्ट सांगतो. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे.

नव्वदच्या दशकात मी लडाखमध्ये ट्रकांच्या एका कंपनीत होतो. युनिटचं नाव सांगत नाही, गरजही नाही. त्या काळी झोजी ला आणि मनालीकडचा रस्ता, दोन्ही बर्फाने बंद व्हायचे आणि पाच-सहा महिने लडाखचा जमिनीवरून संपर्क तुटायचा. म्हणून उन्हाळ्यातच पुढच्या हिवाळ्याची भरती करायची. आम्ही तिला 'विंटर स्टॉकिंग' म्हणतो. पीठ, डाळ, रॉकेल, औषधं, टायर, इंजिनं, सगळं आकडे मांडून भरायचं. ही पद्धत लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

ऑगस्टमध्ये मी सुट्या भागांची मागणी तयार करत होतो. आमचा स्टोअरचा हवालदार साताऱ्याकडचा. तो यादी बघून म्हणाला, "साहेब, मागच्या हबच्या ऑइल सीलचा आकडा कमी वाटतोय. थंडीत रबर कडक होतं. गेल्या साली लई गेली होती."

मी तेव्हा तरुण कॅप्टन. माझ्या डोक्यात इंजिन, गिअरबॉक्स, बॅटऱ्या. सील म्हणजे रबराची एक रिंग, किंमत काही रुपये. मी म्हणालो, "वापराच्या सरासरीप्रमाणे आकडा बरोबर आहे." आणि सही केली.

जानेवारीत सीलं संपली. हबचं सील गेलं की तेल झिरपून ब्रेकच्या लायनरवर येतं आणि घाटात ब्रेक लागत नाहीत. अशी गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे ड्रायव्हरला दरीत पाठवणं. बघता बघता अकरा ट्रक उभे राहिले. त्यांची इंजिनं, टायर सगळं उत्तम होतं. आम्ही एका ट्रकचं काढून दुसऱ्याला लावत राहिलो. पुढच्या एका चौकीवर रॉकेल उशिरा पोचलं. नऊ दिवस तिथल्या पोरांनी बुखारी रात्री काही तासच पेटवली. बाहेर उणे वीसच्या खाली.

शेवटी सीलं आली ती चंदीगडहून, विमानाने. तीन दिवस हवामान खराब होतं म्हणून विमान उतरत नव्हतं. चौथ्या दिवशी एक खोकं आलं. सबंध हिवाळा पुरतील एवढी सीलं माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत मावली असती. हवालदार मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मंडळी, गेल्या पंधरा वर्षांत जगाच्या वाहन उद्योगाचं जे झालं, ते मला या सीलाच्याच गोष्टीसारखं दिसतं.

एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात. गाडी बनवणारी कंपनी त्यातले बरेचसे बाहेरून घेते. तिला माल देणारे पहिल्या पायरीवरचे, त्यांना देणारे दुसऱ्या पायरीवरचे, त्यांना देणारे तिसऱ्या. वरच्या कंपनीला पहिली पायरी नीट दिसते, दुसरी अंधूक आणि तिसरी बहुधा दिसतच नाही. त्यात जपानी पद्धत आली, 'जस्ट इन टाइम'. माल गोदामात पडून ठेवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच आणायचा. पद्धत वाईट नाही. तिने खर्च वाचवला आणि चुका लवकर उघड्या पाडल्या. पण तिच्या पोटात एक गृहीत धरलेलं आहे, की खिंड कधी बंद होणार नाही.

या पद्धतीचा गुरू म्हणजे टोयोटा. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमधल्या कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह बनायचा. टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह त्या एकाच कारखान्यातून यायचे आणि साठा काही तासांचा. जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक लाइनी थांबल्या. मग दोनशेच्या आसपास कंपन्या मदतीला धावल्या. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेसुद्धा व्हॉल्व्ह करून दिले. आठवडाभरात काम रुळावर यायला लागलं. संकटात नाती कामी येतात, हा यातला चांगला धडा. पण एकाच छपराखाली सगळं ठेवू नये, हा धडा पूर्ण शिकायला आणखी चौदा वर्षं लागली.

11 मार्च 2011 ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. वाहनांच्या चिप बनवणारा रेनेसासचा नाका इथला कारखाना बंद पडला. गाडीच्या रंगात चमक आणणारं एक खास रंगद्रव्य ओनाहामा इथल्या एकाच कारखान्यात बनत होतं. तो थांबला आणि अमेरिकेत फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. गाडी तयार, पण रंगातली चमक नाही!

यानंतर टोयोटाने खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरून धोक्याच्या भागांची यादी केली, सुमारे दीड हजार वस्तूंची. चिपच्या पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरेल इतका साठा ठेवायला सांगितला. म्हणजे 'जस्ट इन टाइम'च्या गुरूनेच काही निवडक वस्तूंची 'विंटर स्टॉकिंग' सुरू केली. 2021 च्या सुरुवातीला जगभर चिपचा दुष्काळ पडला तेव्हा इतरांच्या लाइनी थांबत होत्या आणि टोयोटा बराच काळ तग धरून होती. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आग्नेय आशियात कोविड वाढल्यावर, तिलाही सप्टेंबरच्या जागतिक उत्पादनात 40 टक्के कपात जाहीर करावी लागली. साठ्याने संकट टळत नाही. साठ्याने दिवस मिळतात. त्या दिवसांत दुसरा रस्ता उघडायचा असतो.

तो चिपचा दुष्काळ पडला कसा? 2020 मध्ये टाळेबंदी झाली, गाड्यांची विक्री कोसळली, कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. त्याच वेळी घरोघरी लॅपटॉप, मोबाइलची मागणी वाढली. चिपवाल्यांनी यंत्रं तिकडे वळवली. गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली तेव्हा मोटारवाले रांगेच्या शेवटी. शिवाय गाडीतल्या बऱ्याच चिप जुन्या धाटणीच्या असतात. नवा मोठा कारखाना घालणारा गुंतवणूकदार त्यांच्याकडे सहसा बघत नाही. त्यात 19 मार्च 2021 ला त्याच नाका इथल्या कारखान्यात आग लागली. त्यानंतर चारच दिवसांनी सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज आडवं झालं, ते सहा दिवस.

आपल्याकडे काय झालं? सप्टेंबर 2021 साठी मारुतीने हरयाणा आणि गुजरात इथलं उत्पादन नेहमीच्या 40 टक्क्यांवर येईल असं जाहीर केलं. महिंद्रने त्याच महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवलं.

कागदावर हे टक्के आहेत. माणसात त्याचा अर्थ काय, ते मला माझ्या पुतण्याकडून कळलं. भोसरीला त्याचं छोटं युनिट आहे. चार सीएनसी मशिनं, तीस माणसं. तो एक ब्रॅकेट बनवतो. चिपशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्या सप्टेंबरात रात्री त्याचा फोन आला.

"काका, माझा माल तयार आहे. पण गाडीत चिप नाही म्हणून गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून माझा माल कुणाला नको. बारा पोरांना घरी पाठवलं आज. त्यातला एक यवतमाळचा. घरी काय सांगू म्हणून विचारत होता."

माझ्या डोळ्यांपुढे ते अकरा ट्रक आले. सगळं ठीक, एक वस्तू नाही.

पुढे गाडी पुन्हा रुळावर आली. मग ज्यांना तो माल देतो त्यांचं पत्र आलं. कंपनीचं नाव घेत नाही. पत्रात होतं, यापुढे तीस दिवसांचा तयार माल तुमच्याकडे राखून ठेवा. दरात वाढ नाही. पैसे पूर्वीसारखेच, म्हणजे महिना उलटून दुसरा महिना संपताना. पुतण्या म्हणाला, "काका, खिंड त्यांची, मग कोठार माझ्या पैशाने का?"

मला वाटतं, आज या विषयावर मोठमोठ्या परिषदा भरतात त्यात हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. रसद मजबूत करायची म्हणजे कुणीतरी माल विकत घेऊन ठेवायचा. त्याचं व्याज कोण भरणार? लष्करात ते सरकार भरतं, कारण हिवाळा साऱ्या देशाचा असतो. उद्योगात तो बोजा वरून खाली ढकलत नेला, तर तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर येऊन थांबतो. आणि साखळी तुटते ती तिथेच. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 पासून आहे. एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद लागू झाली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. माझ्या मते वेळेवर पैसे देणं हा पुरवठा साखळी बळकट करण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला जपानला जाऊन शिकावं लागत नाही.

चिपचं संपलं असं वाटलं तोवर 2025 आलं. 4 एप्रिलला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरमध्ये हे ताकदवान चुंबक लागतात आणि जगातले सुमारे 90 टक्के चुंबक चीनमध्ये बनतात. जुलैमध्ये बजाज ऑटोने उघडपणे सांगितलं, की ऑगस्टमध्ये विजेच्या दुचाकींचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुण्याची चेतक, आपल्या घरातलं नाव, मुठीत मावेल एवढ्या चुंबकापायी अडली. मग धडपड झाली, पर्यायी चुंबक शोधले गेले, पुरवठा काहीसा सुरू झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने देशात असे चुंबक बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. चांगलं झालं. पण या चुंबकांवर चीनची मक्तेदारी आहे हे 2025 च्या आधी कुणाला ठाऊक नव्हतं का? सर्वांना ठाऊक होतं. माझ्या हवालदारालाही ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, मग सगळं देशातच बनवा, विषय संपला. मी सैनिक आहे, स्वावलंबन मला प्रिय आहे. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा रशियन बनावटीच्या शस्त्रांचे सुटे भाग मिळवताना लष्कराची किती दमछाक झाली, ते आमच्या पिढीने पाहिलंय. पण 'देशात' म्हणजे 'सुरक्षित' असं समजू नका.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर मोहालीत देशाची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा आहे. 1980च्या दशकात तिथे चिप बनायला लागल्या होत्या. फेब्रुवारी 1989 मध्ये आग लागली आणि तो कारखाना जळाला. आपली वर्षानुवर्षांची वाटचाल तिथे खंडित झाली. पुढे तो पुन्हा उभा राहिला, अवकाश विभागासाठी काम करू लागला, आणि 2025 मध्ये तिथेच बनलेली 'विक्रम' ही प्रक्षेपणयानांची चिप देशापुढे आली. अभिमानाची गोष्ट आहे. पण एकच कारखाना असेल तर तो कारियाचा असो वा मोहालीचा, आग दोघांनाही सारखीच.

आणखी सांगतो. 2020 च्या शरद ऋतूत पंजाबात शेतकरी आंदोलनामुळे जवळजवळ दोन महिने रेल्वे वाहतूक ठप्प झाली. आंदोलनाची बाजू काय, हा आजचा विषय नाही. पण लुधियानाच्या सायकल आणि सुट्या भागांच्या कारखान्यांचे कंटेनर अडकून पडले. जुलै 2023 च्या पावसात चंदीगड-मनाली रस्ता मंडीच्या पुढे तुटला आणि आमच्या सेक्टर 43 च्या स्थानकावर माणसं गाठोड्यांवर बसून राहिली. म्हणजे खिंड फक्त सुएझला नसते. ती आपल्या दारातही असते.

मग करायचं काय? मी पुतण्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक वही पुरे.

वहीत पहिल्या रकान्यात प्रत्येक वस्तू लिहा. किंमत बघू नका. कच्चा माल, टूल, कटिंग ऑइल, रबर, स्क्रू, पॅकिंगचं खोकं, सगळं. स्वस्त वस्तू आधी लिहा, कारण महागाकडे सर्वांचं लक्ष असतंच.

दुसऱ्या रकान्यात लिहा, आज ही वस्तू बंद झाली तर किती दिवस पुरेल.

तिसऱ्या रकान्यात लिहा, दुसऱ्या ठिकाणाहून ती सुरू व्हायला किती दिवस लागतील. इथे स्वतःला फसवू नका. "बाजारात मिळते" हे उत्तर नव्हे. वाहन उद्योगात नवा पुरवठादार म्हणजे नमुने, चाचण्या, पीपॅपची कागदपत्रं, मंजुरी. आठवडे जातात, कधी महिने.

जिथे तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा, तिथे तुमची खिंड आहे. तेवढ्याच ओळींना लाल खूण करा. पुतण्याच्या वहीत दोनशेच्या वर ओळी होत्या आणि लाल खुणा निघाल्या फक्त सात. त्यातली एक होती गंजरोधक तेलाची. ते एकाच विक्रेत्याकडून यायचं. आणि त्या विक्रेत्याकडे ते कुठून येतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

या सात ओळींसाठी दोनच उपाय आहेत. एक तर दुसरा आकडा वाढवा, म्हणजे साठा करा. साऱ्या गोदामाचा नको, त्या सातांचाच. किंवा तिसरा आकडा कमी करा. म्हणजे दुसरा पुरवठादार शांततेच्या काळातच मंजूर करून घ्या आणि त्याला दर महिन्याला थोडं का होईना, काम द्या. फक्त कागदावर असलेला दुसरा पुरवठादार म्हणजे कधीच चालू करून न पाहिलेला जनरेटर. वीज गेल्यावर तो चालू होईल याची खात्री नाही. आणि हा दुसरा पहिल्याच्याच एमआयडीसीत, त्याच नाल्याकाठी, त्याच कच्च्या मालावर चालणारा नसावा. नाहीतर नावं दोन आणि खिंड एकच.

जे मोठ्या कंपन्यांत खरेदी विभागात आहेत त्यांना एक विनंती. तुमचं कौतुक होतं ते दर दोन टक्के खाली आणल्याबद्दल. न थांबलेल्या लाइनबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. तरीही वर्षातून एकदा तुमच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे जा. त्याच्या स्टोअरकीपरशी बोला, साहेबांशी नव्हे. साठा करायला सांगत असाल तर त्याचं व्याज दरात धरा.

पुतण्याने ती वही घेऊन आपल्या ग्राहकाची भेट घेतली. तीस दिवसांचा सरसकट साठा परवडत नाही, पण या सात वस्तूंची जबाबदारी घेतो, त्याबदल्यात पैसे 45 दिवसांच्या आत द्या, असं म्हणाला. तीन बैठका झाल्या. साठा पंधरा दिवसांवर आला. पैसे अजून कधी कधी उशिराच येतात, ते खोटं कशाला सांगू? पण आता तो विचारतो आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. यवतमाळचा तो मुलगा परत आलाय. पुतण्याने वही त्याच्याच ताब्यात दिली आहे.

माझा हवालदार पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. काही वर्षांपूर्वी मी गावी गेलो तेव्हा त्याला भेटलो. तीस वर्षं मनात होतं ते बोललो, "तुझं ऐकायला हवं होतं." तो हसला आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या साली तुम्ही यादी मला आधी दाखवलीत की."

मंडळी, तुमच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात असा एक माणूस नक्की आहे. आकडा कुठे कमी पडणार, ते त्याला माहीत आहे. उद्या सकाळी त्याला बोलवा, चहा द्या आणि यादी दाखवा. खिंड अजून उघडी आहे.